घरात कोण कोण आहे?

मागच्या अंकात पाळीव प्राण्यांकडून माणसांना होणाऱ्या आजारांवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्या पत्रांत धास्ती. उरलेल्यांत ‘आमच्याकडे कायम कुत्रं असतं, कुणाला काही झालं नाही’ असा ठणठणीत निर्वाळा. मी प्राण्यांची डॉक्टर. दवाखाना चालवते आणि माझ्यासारखेच दवाखाने चालवणाऱ्या पशुवैद्यांचे उजळणी वर्ग घेते. तिथे जे सांगते तेच इथे, फक्त जरा कमी लॅटिनमध्ये.

प्रश्न : मला तिसरा महिना चालू आहे. आमची मनी सहा वर्षांची, घराबाहेर पाऊल टाकत नाही. डॉक्टर म्हणाले, ‘मांजर असेल तर देऊन टाका’, बाकी काही नाही. सासूबाईंनी तिच्यासाठी दुसरं घर शोधायला घेतलंय. मी काय करू?

उत्तर : मनीला कुठेही पाठवू नका. हे उत्तर सासूबाईंना वाचायला द्या, आणि पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांकडेही घेऊन जा.

धास्ती आहे ती टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांची काळजी खोटी नाही. पण दोष मनीच्या माथी मारण्याआधी हा परजीवी येतो कसा ते बघा. मांजराला आयुष्यात पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे त्याची अंडी विष्ठेतून पडतात. त्यानंतर बहुतेक मांजरांत ती पडायची थांबतात. शिवाय ताजी अंडी निरुपद्रवी असतात, लागण करण्याइतकी पिकायला त्यांना १ ते ५ दिवस लागतात. मांजर स्वतःला चाटून लख्ख ठेवतं, तेव्हा तिला मांडीवर घेऊन किंवा कुरवाळून हा आजार व्हायची शक्यता नगण्य. घराबाहेर न जाणारी, शिकार न करणारी आणि तयार कोरडं खाणं खाणारी सहा वर्षांची मांजर तर धोक्याच्या यादीत जवळजवळ शेवटी येते.

मग बायकांना हा आजार होतो कुठून? युरोपातल्या सहा शहरांत गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ६३ टक्के लागणीचं खापर कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसावर फुटलं. मातीशी आलेल्या संपर्काचा वाटा ६ ते १७ टक्के. घरात मांजर असणं हा धोका ठरलाच नाही. तुम्हाला जपायचं असेल तर स्वयंपाकघरात जपा. मांस आतपर्यंत शिजवा, कच्चं मांस कापलेली सुरी आणि फळी लगेच धुवा, पालेभाज्या आणि फळं भरपूर पाण्यात धुवा, बागकाम करताना हातमोजे घाला.

मनीचा ट्रे रोजच्या रोज साफ व्हायला हवा, म्हणजे अंडी असलीच तरी पिकायच्या आत बाहेर जातील. हे काम नवऱ्याकडे द्या. (बाळ झाल्यावरही त्याच्याकडेच राहू द्या, पण हा वैद्यकीय सल्ला नव्हे.) मनीला कच्चं मांस घालू नका, आणि बाळंतपण होईपर्यंत मांजराचं नवं पिल्लू घरात आणू नका. डॉक्टरांना टॉक्सोप्लाझ्माच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) रक्तचाचणी करायची का ते विचारा. तुम्हाला पूर्वीच कधीतरी लागण होऊन गेली असेल, तर शरीरात संरक्षण आधीच तयार असतं आणि हा सगळा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो.

प्रश्न : आमचा कॉकटिएल (तुरेवाला छोटा पोपट) काही दिवस पिसं फुगवून बसतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, विष्ठा हिरवी पातळ होतेय. त्यातच माझ्या मिस्टरांना ताप, भयंकर डोकेदुखी आणि कोरडा खोकला. न्यूमोनिया सांगितलाय, पण अँटिबायोटिकने उतार नाही. या दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर : या ताईंना मी पत्र मिळताच फोन करून कळवलं आहे. इथे देतेय ते इतरांसाठी.

संबंध असू शकतो, आणि ‘घरात पक्षी आहे आणि तो आजारी आहे’ हे वाक्य मिस्टरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायला हवं. क्लॅमिडिया सिटासी नावाचा जंतू पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांत राहतो. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून आत गेली की माणसाला न्यूमोनिया होतो. १९२९-३० साली पाळीव पोपटांच्या व्यापाराबरोबर हा आजार बऱ्याच देशांत पसरला होता, माणसंही दगावली होती. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं याच्यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन चालतं, आणि लवकर सुरू केलं तर माणूस भराभर सुधारतो. पण डॉक्टरांच्या डोक्यात ते यायला आधी पक्षी कानावर पडायला हवा.

पक्ष्याला पशुवैद्याकडे न्या. त्याचं औषध लांबलचक चालतं, साधारण ४५ दिवस, मध्येच सोडायचं नाही. पिंजरा झाडू नका. आधी पाण्याने भिजवा आणि मग पुसा. मास्क लावा.

प्रश्न : घरात चौघांनाही आळीपाळीने गजकर्ण होतंय. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की आठ दिवसांत फिकं पडतं आणि महिन्याभरात परत उगवतं. त्वचारोगतज्ज्ञ म्हणाले, मांजर तपासा. पण आमचं लांब केसांचं मांजर अगदी तुकतुकीत आहे, एक चट्टा नाही.

उत्तर : तुकतुकीत मांजरावर विश्वास ठेवू नका. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी, विशेषतः लांब केसांच्या मांजरांत, अंगावर एकही चट्टा न उमटवता बिऱ्हाड करते. मांजर मजेत, माणसं खाजवताहेत.

तपासायचं कसं? आम्ही खोलीत पूर्ण अंधार करतो, वुड्स लॅम्प नावाचा अतिनील दिवा दोन-चार मिनिटं तापू देतो आणि मांजराच्या तोंडापासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवतो. लागण झालेले केस मुळापासून पोपटी चमकतात. ती चमक केसात दिसायला हवी. कोंडा, मलम, सांडलेलं दूध यांचीही निळसर चमक दिसते आणि नवखा डॉक्टर फसतो. काही वेळा लागण असूनही चमक दिसतच नाही, म्हणून दिवा हा शेवटचा शब्द नव्हे. कोरा, पाकिटबंद टूथब्रश घ्यायचा, मांजराच्या अख्ख्या अंगावरून दोन-तीन मिनिटं फिरवायचा आणि त्याचे दाते बुरशी वाढवायच्या बशीत हलके टोचायचे. नंतर थांबायचं. बुरशीला वाढायला आठवडे लागतात. लोकांना याचा कंटाळा येतो, पण घाई करायला बुरशी काही आपली नोकर नाही.

निदान झालं तर घरातल्या सगळ्या प्राण्यांवर एकदम उपचार करावे लागतात, एकट्या मांजरावर नाही. आणि घरावरही. गळलेल्या केसांतले बीजाणू अनुकूल जागी १८ महिन्यांपर्यंत तग धरू शकतात. गालिचा, सोफ्याची फट, मांजराची गादी, कंगवा. केस आणि धूळ गोळा करून फेकणं हे जंतुनाशकाच्याही आधीचं काम. आधी झाडा, मग धुवा, मग फवारा.

तुमच्या मलमाची ट्यूब उलटी करून घटक वाचा. त्यात स्टिरॉइड असणार असा माझा दाट संशय आहे. स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं, बुरशी तिथेच पसरते आणि चट्ट्याचं रूपही असं पालटतं की पुढच्या डॉक्टरला तो ओळखू येत नाही. मलम तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या.

प्रश्न : मी पशुवैद्यक आहे, पदवी घेऊन फार वर्षं झाली नाहीत. नोंदणी टिकवायची तर उजळणी वर्गाचे तास भरावे लागतात, आणि या वेळी विषय आहे प्राण्यांकडून माणसांना होणारे रोग. ती यादी कॉलेजात पाठ केलीच आहे. रेबीज, लेप्टो, ब्रुसेला… तेच परत ऐकायला सुट्टीचा दिवस का घालवायचा?

उत्तर : यादीच वाचून दाखवणारा वर्ग असेल तर मागच्या बाकावर बसून खुशाल झोप काढा. असे वर्ग आहेत, मीही ते भोगले आहेत. स्लाइडवर रोगाचं नाव, जंतू, लक्षणं, उपचार. पुढची स्लाइड. जेवण. प्रमाणपत्र. ब्रिटनमध्ये पशुवैद्याला वर्षाला ३५ तास अशा शिक्षणाचं बंधन आहे, पण तास मोजता येतात म्हणून शिक्षण मोजता येतं असं नाही.

पण तुमचं ‘पाठ केलीच आहे’ मला मान्य नाही, कारण यादी हलते. मांजराच्या ओरखड्याने काखेत किंवा मानेत गाठी येणारा आजार घ्या. फ्रान्समध्ये रोबेर देब्रे या डॉक्टरांनी त्याचं वर्णन १९५० मध्ये केलं. त्याचा जंतू, बार्टोनेला हेन्सेली, हाती लागायला १९९० चं दशक उजाडलं. मांजरामांजरांत तो पिसवांमुळे फिरतो आणि नखांत अडकलेल्या पिसवांच्या विष्ठेतून माणसात शिरतो, हे कळलं ते त्याच्याही नंतर. म्हणजे जुन्या डॉक्टरांनी ‘ओरखडा आहे, बरा होईल’ म्हणून सोडून दिलं आणि पिसवांचं औषध कुणी दिलंच नाही. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मांजरांकडून माणसांत एक चिघळणारा त्वचारोग पसरत गेला. त्यामागची बुरशी, स्पोरोथ्रिक्स ब्रासिलिएन्सिस, ही वेगळी प्रजाती असल्याचं २००७ मध्ये ठरलं. २०२३ मध्ये पोलंडमध्ये घरातली मांजरं बर्ड फ्लूने दगावली. रेबीजच्या आगाऊ लसीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बदल करून तीन भेटींऐवजी दोन भेटी पुरेशा ठरवल्या, दुसरी पहिलीनंतर सात दिवसांनी. तुम्ही स्वतः घेतली आहे का ती लस? वर्गात हा प्रश्न विचारला की काही जण हमखास छताकडे बघतात.

दुसरी गोष्ट पाठांतराने येत नाही. माझ्या वर्गात एक कापडी मांजर असते. तिच्यावर मी आधीच एक पावडर भुरभुरवून ठेवते, साध्या उजेडात न दिसणारी. डॉक्टरांना सांगते, हिला तपासा, हातमोजे काढा, केसपेपर लिहा, हात धुवा, मग चहा घ्या. चहा झाला की पडदे ओढते आणि अतिनील दिवा लावते. पेनाचं टोपण चमकतं. मोबाइलची काच चमकते, स्टेथोस्कोपच्या कानातल्या गोळ्या, चष्म्याची दांडी, चहाच्या कपाचा कान. एका ज्येष्ठ डॉक्टरांची मिशी चमकली होती, आणि सगळ्यात मोठ्याने तेच हसले. धुतलेल्या हातांवरही अंगठ्याच्या मागे आणि नखांच्या कडेला रेघा राहिलेल्या असतात. हातमोजा मनगटाला धरून उलटा ओढायचा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. करत कुणीच नाही. लेप्टो, म्हणजे लघवीतून पसरणारा जंतूंचा आजार, झालेल्या कुत्र्याची लघवी हाताळताना हेच पेन, हाच फोन असतो, आणि तो फोन संध्याकाळी घरच्या लेकराच्या हातात जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला अर्धा दिवस तरी देते. दोघादोघांच्या जोड्या करते, एक मालक, एक डॉक्टर. मालकाच्या चिठ्ठीत काहीतरी लपवलेलं असतं. बायको गरोदर आहे, वडिलांची केमो चालू आहे, आजींची प्लीहा काढलेली आहे, तान्हं बाळ जमिनीवर रांगतंय. डॉक्टरने ते विचारून काढायचं. बहुतेक जण लस, जंतनाशक, खाणं, उलट्या, जुलाब सगळं विचारतात आणि ‘घरात कोण कोण आहे?’ एवढं विचारत नाहीत. त्यांची चूक नाही. आपल्याला रुग्ण म्हणून कुत्रं शिकवलं गेलं, कुत्र्याभोवतीचं घर नाही. माणसांचे डॉक्टर घरात प्राणी आहे का ते विचारत नाहीत, आपण घरात माणसं कोण ते विचारत नाही, आणि आजार या दोन न विचारलेल्या प्रश्नांमधून आरामात पलीकडे जातो.

म्हणून वर्ग निवडताना एवढंच बघा की तिथे तुम्हाला बोलायला लावतात की नुसतं ऐकायला. आणि शेवटी एक पत्र लिहायला लावतात का. मालकाच्या फॅमिली डॉक्टरला, पाच ओळींत, आपल्या प्राण्याचं निदान आणि घरच्यांना असलेला धोका. आपण उपचार सुचवायचा नाही, ते आपलं क्षेत्र नाही. माहिती द्यायची. पहिलं पत्र लिहिताना डॉक्टरांना संकोच वाटतो, ‘त्यांना काय वाटेल’ म्हणून. समोरून बहुधा आभाराचा फोन येतो.

प्रश्न : आमच्या तीन महिन्यांच्या पिल्लाने खेळताना मुलीच्या हाताला दात लावला, थोडं रक्त आलं. पिल्लाला पहिली लस गेल्याच आठवड्यात दिली. घरचंच पिल्लू आहे, तरी इंजेक्शन लागेल?

उत्तर : हे पत्र छापून येईपर्यंत वाट बघायची गोष्ट नाही, आणि असं कुणाच्याही घरी झालं तर मासिकाला लिहू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. वर काहीही चोपडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

गेल्या आठवड्यातली लस अजून कामाला लागलेली नाही. पहिल्या डोसनंतर संरक्षण तयार व्हायला साधारण चार आठवडे धरतात. पिल्लू कुठून आलं, त्याची आई कोण, बाहेर कुणाशी झटापट झाली का, हे डॉक्टरांना सांगा. रेबीज असलेल्या भागात डॉक्टर लस लगेच सुरू करतात आणि पिल्लावर १० दिवस नजर ठेवायला सांगतात. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर पुढचे डोस थांबवता येतात. हे दहा दिवस कुठून आले? कुत्र्याच्या लाळेत विषाणू यायला लागला की तेवढ्या मुदतीत ते आजारी दिसतं किंवा मरतं. पिल्लाला सोडून देऊ नका, नाहीतर नजर ठेवणार कुणावर? आणि ‘आधी दहा दिवस बघू, मग इंजेक्शन’ असं स्वतःच्या मनाने करू नका. लक्षणं दिसल्यावर रेबीजचा माणूस वाचत नाही, अगदी मोजके अपवाद सोडले तर.

प्रश्न : बाबांची केमोथेरपी सुरू आहे. म्हातारा कुत्रा त्यांच्या पलंगाखालीच झोपतो. नातेवाईक म्हणतात, त्याला हलवा. बाबा ऐकत नाहीत.

उत्तर : बाबांच्या बाजूने आहे मी, काही अटींवर. कुत्र्याची एकदा नीट तपासणी करून घ्या : विष्ठेची चाचणी, जंतनाशक, पिसू-गोचीड प्रतिबंधक, लेप्टोसह राहिलेल्या लसी. कच्चं मांस बंद. नखं कापून, गोल घासून. त्याची घाण बाबांनी उचलायची नाही. सलाइनची जागा, ओठांवरचे फोड, कुठलीही जखम त्याला चाटू द्यायची नाही. कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू सहज सापडतो. धट्ट्याकट्ट्या माणसाचं तो बहुधा काही बिघडवत नाही, पण प्लीहा नसलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात तो रक्तात पसरून जीव घेऊ शकतो. बाबांना चावा किंवा ओरखडा बसला आणि ताप आला तर रात्र काढू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना घरात कुत्रा असल्याचं आजच सांगून ठेवा.

जुना, ओळखीचा, शांत कुत्रा ठीक. या काळात सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मात्र ‘बाबांना विरंगुळा’ म्हणून कुणी आणून देत असेल तर नको म्हणा. पिल्लं चावतात, ओरबाडतात आणि त्यांच्या पोटात काय काय असतं ते आम्हाला विचारा.

प्रश्न : मी चौथीत आहे. आमचा बंड्या माझ्या तोंडाला चाटतो म्हणून आई ओरडते. जंत होतात का? आणि माझ्या धाकट्या भावाला कासव हवंय. तो तीन वर्षांचा आहे.

उत्तर : तुझा प्रश्न सगळ्यात नीट लिहिलेला होता. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी त्याच्या शीतून बाहेर पडतात, पण लगेच कुणाला त्रास देऊ शकत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे पडून राहिली की मगच ती धोक्याची होतात. म्हणून बंड्याची शी रोज उचलायची आणि मातीत खेळून आलं की हात धुवायचे. बंड्याला जंताचं औषध कधी दिलं ते आईला विचार आणि पुढची तारीख कॅलेंडरवर तूच लिही. तोंडाला चाटणं नको, त्यात आईचं बरोबर आहे. त्याने हात चाटला तर चालेल, खायच्या आधी धुतलास की झालं.

कासव आत्ता नको. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असतात, कासव दिसायला अगदी छान असलं तरी, आणि लहान मुलं कासवाला हात लावून तोच हात तोंडात घालतात. अमेरिकेत याच कारणासाठी चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ मध्ये बंदी घातली. भाऊ पाच वर्षांचा झाला की परत पत्र लिही, तेव्हा बघू.